आधी पाच मिनिटं, मग चॅनल: मराठी स्टँडअपमध्ये उतरणाऱ्यांसाठी

ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवून कोणीही मंचावर काही मिनिटं उभं राहू शकतं अशा कार्यक्रमाला, येणाऱ्या नव्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांचं चॅनल आधीच सुरू झालेलं असतं. लोगो असतो, सुरुवातीला वाजणारी धून असते, हप्त्यावर घेतलेला लाइट असतो. सलग पाच मिनिटं अनोळखी माणसांना हसवेल असा सेट मात्र नसतो. हा लेख उलट्या क्रमानं लिहिलाय: आधी सेट, मग मंच, मग कॅमेरा आणि शेवटी पैसे.

क्रम असा का, ते आधी सांगतो. स्टँडअप आणि व्हिडिओ ही दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओमुळे लोक तुम्हाला ओळखायला लागतात; साहित्य मात्र मंचावरच तयार होतं. मंचावर एक विनोद रोज नव्या माणसांसमोर वर्षभर करता येतो, आणि तो करता करता सुधारतो. तोच विनोद नेटवर टाकला की संपला. पुढच्या कार्यक्रमाला तिकीट काढून आलेला माणूस "हे पाहिलंय" म्हणून हाताची घडी घालून बसतो. त्यामुळे प्रत्येक विनोदाबद्दल एकच हिशेब करायचा असतो: हा कधी खर्च करायचा? खाली जे काही आहे ते या हिशेबाभोवतीच फिरतं.

आधी प्रेक्षक म्हणून जा

एकट्यानं मंच सांभाळायची सवय मराठीला जुनी आहे. कीर्तनकार करायचे, तमाशातल्या बतावणीत व्हायचं, पुढे एकपात्री प्रयोगांनी नाट्यगृहं भरली. पण माइक, स्टँड आणि समोर टेबलखुर्च्या हा प्रकार आपल्याकडे मुंबईतून आला. २०१० मध्ये लोअर परळला 'द कॉमेडी स्टोअर' सुरू झालं तेव्हा मंचावरची भाषा प्रामुख्यानं इंग्रजी होती. मराठी स्टँडअप नेटवर ठळकपणे दिसायला लागलं ते २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भाडिपा' या यूट्यूब चॅनलच्या आसपासच्या काळात.

एकपात्री आणि स्टँडअप यांत एक व्यावहारिक फरक आहे. एकपात्रीत कलाकार पात्रं उभी करतो, म्हणून लोक त्याला रंग भरायला वेळ देतात. स्टँडअपमध्ये तुम्ही 'तुम्ही' म्हणून उभे असता आणि लोक अर्ध्या मिनिटात ठरवतात की या माणसाचं ऐकायचं की नाही. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीतून आलेल्या मुलांचा आवाज छान लागतो, शब्द स्वच्छ असतात, पण ती बोलत नाहीत, 'सादर' करतात. ती सवय मोडायला वेळ लागतो.

म्हणून नाव नोंदवण्याआधी तीन-चार ओपन माइक मागच्या रांगेत बसून बघा. मोबाइलवर बघितलेलं यात धरायचं नाही. व्हिडिओतून पडलेले विनोद कापलेले असतात आणि तुम्हाला नेमके पडलेलेच बघायचेत. कोणता विनोद पडला यापेक्षा पडल्यावर त्या माणसानं काय केलं ते बघा. जो शांतपणे पुढच्या वाक्यावर गेला, त्याला लोकांनी माफ केलं. "हा चालला नाही वाटतं" असं म्हणणाऱ्याचा पुढचा विनोदही पडतो.

पाच मिनिटं लिहिणं

विषय घरातला, कामावरचा, शरीरावरचा, भीतीचा, काहीही चालेल, फक्त माहिती तुमची हवी. पुणेरी पाट्या, दुपारी बंद दुकान, मुंबई-पुणे वाद, कोल्हापूरचं तिखट या चार गोष्टींवर पुढच्या दहा वर्षांचा कोटा संपलेला आहे. तुम्ही आयटीआयला फिटर असाल, पतसंस्थेत वसुलीला असाल, आईबरोबर ब्लाउज शिवत असाल, तर तिथलं सांगा. तिथलं दुसऱ्या कोणाला माहीत नाही, हीच तुमची पुंजी आहे.

आता एक विनोद जवळून बघू. सायबर फसवणुकीला घाबरलेली आई, हा विषय. पहिला खर्डा बहुधा असा असतो:

"माझी आई ना, सायबर फ्रॉडच्या बाबतीत खूपच जास्त सावध असते. म्हणजे तिला बँकेकडून सारखे मेसेज येतात की ओटीपी कोणाला सांगू नका. तर परवा मी तिचंच लाइट बिल भरत होतो आणि तिला ओटीपी विचारला, तर मी कोण बोलतोय असं ती मलाच विचारायला लागली."

यात विनोद आहे, पण पुरलेला आहे. पहिलं वाक्य निकाल सांगून टाकतं: आई सावध आहे. मग पुढे आश्चर्य कशाचं? दुसरं, हसू ज्या शब्दांवर यायला हवं ते 'कोण बोलतोय' वाक्याच्या मधोमध आहेत आणि त्यानंतर 'असं ती मलाच विचारायला लागली' ही शेपटी लटकतेय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ही शेपटी सारखी उगवते. लोक हसायला लागतात तेव्हा तुम्ही अजून बोलत असता, आणि तुम्ही बोलताय म्हणून ते हसू आवरतात. उपाय सोपा: 'म्हणाली' आधी, संवाद नंतर.

"आईला बँकेनं बजावलंय, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. परवा तिचंच लाइट बिल भरत होतो. म्हटलं, आई, ओटीपी सांग. म्हणाली, 'आपण कोण बोलताय?'"

इथे थांबायचं. हसू आलं तर ते उतरायला लागल्यावर पुढची ओळ, जिला आम्ही टॅग म्हणतो:

"मी समोर बसलोय. तिनंच वाढलेलं जेवतोय. म्हटलं, आई, मी! म्हणाली, 'सगळे असंच म्हणतात.'"

दुसऱ्या खर्ड्यात 'सावध' हा शब्दच नाही. 'तू' ऐवजी 'आपण' आल्यामुळे आईचा बदललेला सूर आपोआप दिसतो, तो वेगळा सांगावा लागत नाही. आणि टॅगला नवा सेटअप, म्हणजे विनोदाआधीची तयारी, लागला नाही. एकाच तयारीवर दोन हशे मिळाले. पाच मिनिटांचा सेट असाच बांधायचा: दोन किंवा तीन विषय, प्रत्येकाला थोडी तयारी आणि त्यावर जमतील तितके टॅग. सात-आठ सुटे विषय घेतलेत तर प्रत्येक वेळी लोकांना नव्यानं ओळख करून द्यावी लागते आणि अर्धा वेळ त्यातच जातो.

सेट लिहून झाला की मोठ्यानं बोला, घड्याळ लावून. कागदावर पाच मिनिटं वाटणारा मजकूर अनेकदा साडेतीन मिनिटांत संपतो, कारण घाबरलेला माणूस भराभर बोलतो. सगळ्यात चांगला विनोद शेवटी, दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवातीला. ज्याची खात्री नाही तो मध्ये.

ओपन माइकची रात्र

नोंदणी बहुतेक ठिकाणी इन्स्टाग्रामवरच्या फॉर्मवरून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो. काही ठिकाणी कलाकाराकडूनही थोडे पैसे घेतात किंवा कॉफी घ्यावी लागते. छोट्या खोलीचं भाडं कुठून तरी निघायला हवं, तेव्हा त्यावर भांडण नको. पण स्पॉटसाठी हजारो रुपये किंवा 'स्टार बनवण्याचं पॅकेज' मागणाऱ्याकडे फिरकू नका.

मंचावर गेल्यावर माइक स्टँडवरून काढा आणि स्टँड उचलून मागे ठेवा. तो समोर राहिला तर तुम्ही त्याच्याशी खेळत बसता. "काय पुणेकर, आवाज येऊ दे" यात वीस सेकंद घालवू नका, ते काम सूत्रसंचालकानं केलेलं असतं. शेवटचं मिनिट उरलं की मागून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो. टॉर्च दिसला की चालू विनोद पूर्ण करायचा आणि उतरायचं. वेळ न पाळणारा कलाकार कितीही हसवत असला तरी आयोजक त्याला पुढच्या वेळी शेवटचा स्पॉट देतात. आणि आपला स्पॉट झाला की लगेच निघून जाणाऱ्यांचीही नोंद होत असते, हे लक्षात ठेवा.

स्त्री कलाकारांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: पहिल्या अर्ध्यातला स्पॉट हक्कानं मागा आणि शेवटची लोकल किंवा बस हेच कारण सांगा. चांगला आयोजक ते न विचारताच करतो. जो यावरून तोंड वाकडं करतो, त्याची खोली सोडून द्या.

प्रत्येक सेटचा आवाज रेकॉर्ड करायचा. व्हिडिओ नाही, फक्त आवाज. व्हिडिओत माणूस स्वतःचे केस बघत बसतो. दुसऱ्या दिवशी ऐकून उतरवून काढा. आपण काय बोललो असं वाटतं आणि खरं काय बोललो यात मोठी तफावत निघते. वहीच्या डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर तारीख, जागा, अंदाजे किती माणसं आणि प्रत्येक ओळीसमोर खूण: हसू आलं तर 'ह', मोठं आलं तर 'हह', टाळी पडली तर 'ट', शांतता असेल तर नुसती रेघ. महिन्याभरानंतर ही पानं शेजारी ठेवली की कोणती ओळ खरी आणि कोणती त्या रात्रीच्या मूडवर चालली, ते दिसतं.

मात्र ओपन माइकचा निकाल अंतिम मानू नका. खोलीतले निम्मे लोक स्वतःच्या नंबरची वाट बघणारे कलाकार असतात आणि त्यांचं लक्ष स्वतःच्या चिठ्ठीत असतं. एक ओळ तीन वेगवेगळ्या खोल्यांत पडली तर तिला हात लावा. त्यातही आधी तयारीचं वाक्य तपासा. पंच, म्हणजे जिथे हसू यायला हवं ती ओळ, बहुतेकदा बरा असतो, पण लोकांना काय चाललंय ते कळलेलंच नसतं.

पाचाचे वीस, विसाचे साठ

पाच मिनिटं कुठेही चालायला लागली की लाइनअप शोसाठी विचारायला हरकत नाही. तिथे चार-पाच कलाकार प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं करतात आणि प्रेक्षक तिकीट काढून आलेले असतात. याच काळात सूत्रसंचालन मिळालं तर कधीही नाही म्हणू नका. कोणाचा सेट पडल्यावर थंड झालेली खोली पुन्हा गरम करणं, उशिरा आलेल्यांना बसवणं, समोरच्या माणसाशी त्याचा अपमान न करता गप्पा मारणं, हे सगळं तिथेच शिकता येतं. क्राउडवर्क म्हणतात ते हेच.

तुमच्या शहरात खोलीच नसेल तर खोली करा. वाचनालयाचा हॉल, नाट्यसंस्थेची तालमीची जागा, आठवड्यात रिकामा राहणारा कॅफे, काहीही चालतं. तीस खुर्च्या, एक बरा स्पीकर, एक माइक. खुर्च्या पन्नास मांडू नका. तीस माणसं तीस खुर्च्यांत हसतात, पन्नास खुर्च्यांत विखरून बसली की गप्प होतात. लाइट मंचावर, प्रेक्षकांत अंधार. आणि कॅफेच्या मालकाला आधीच सांगून ठेवा की कार्यक्रम चालू असताना मिक्सर लावायचा नाही. ऐन पंचला मिल्कशेक फिरायला लागला की तुमच्या टायमिंगचं कोणी काही करू शकत नाही.

भाषेबद्दल नवे लोक फार घोळ घालतात. हिंदीत प्रेक्षक मोठा आहे हे खरं, पण त्या रांगेत उभे असलेलेही तितकेच आहेत. ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्या भाषेत तुमचा विनोद जलद सुचतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलत असाल तर ती घासूनपुसून प्रमाण मराठी करायची गरज नाही; वाक्याचा गाभा कळला तर दोन शब्द न कळूनही लोक हसतात. उलट, जी बोली आपली नाही ती हशासाठी ओढून आणू नका. त्या भागातला एक माणूस जरी समोर असला तरी त्याला ती नक्कल पहिल्या वाक्याला कळते.

वीस पक्की मिनिटं जमल्यावर एखाद्या मोठ्या कलाकारासाठी ओपनिंग, म्हणजे त्याच्या आधीचा छोटा सेट, करता येतं. तासाभराचा कार्यक्रम ही त्यानंतरची गोष्ट. त्यासाठी ट्रायल शो करतात: छोटी जागा, कमी तिकीट आणि 'हे साहित्य अजून कच्चं आहे' असं जाहिरातीतच सांगितलेलं. साठ मिनिटं म्हणजे पाच मिनिटांचे बारा सेट जोडणं नव्हे. चाळिसाव्या मिनिटाला लोक हसूनही दमतात. तिथे आवाज खाली आणून एखादी लांब गोष्ट सांगावी लागते, सुरुवातीच्या कशाचा तरी धागा परत उचलावा लागतो. विनोद मुरायला लोणच्यासारखाच वेळ लागतो आणि रोज झाकण उघडून चालत नाही, म्हणून ट्रायलमध्ये प्रेक्षकांना मोबाइल आत ठेवायला सांगा.

पुढचा टप्पा नाट्यगृहाचा. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा आधी आणि बालगंधर्व नंतर, हा क्रम शहाणपणाचा. पालिकांच्या नाट्यगृहांत शनिवार-रविवारच्या तारखा मिळवताना नाट्यसंस्थांशी स्पर्धा असते, तेव्हा मधल्या वारांपासून सुरुवात होते. तारीख घेतानाच परवानग्यांची यादी व्यवस्थापनाकडून लेखी मागून घ्या. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिकीट लावून केलेल्या एकट्याच्या कार्यक्रमालाही ते विचारलं जाऊ शकतं. हे प्रयोगाच्या आदल्या दिवशी कळणं परवडत नाही.

आता कॅमेरा

काय टाकायचं, हा पहिला प्रश्न. माझ्या मते टाकण्याजोग्या गोष्टी चार. एक, ज्या विनोदाला तुम्ही स्वतः कंटाळलात आणि जो कार्यक्रमातून काढलाय तो. तो अगदी पक्का झालेला असतो. दोन, क्राउडवर्क, ते त्या रात्रीपुरतंच होतं, त्यामुळे टाकून काही खर्च होत नाही. तीन, ताज्या घटनेवरचं, जे दोन आठवड्यांत शिळं होणारच आहे. चार, खास व्हिडिओसाठी लिहिलेलं: स्केच, गप्पांचा कार्यक्रम, एकट्यानं केलेली पात्रं. चालू तासातला सगळ्यात चांगला विनोद टाकायचा मोह होतो, तो टाळा. अपवाद एकच. अजून कोणीच ओळखत नसेल, तर एक उत्तम पाच मिनिटांचा सेट नीट चित्रित करून टाका. आयोजकांना पाठवायलाही तोच उपयोगी पडतो.

क्राउडवर्कच्या रील्स सगळे टाकतात त्याचं कारण हा खर्चाचा हिशेबच आहे. पण त्याची एक किंमत असते. सतत तेच टाकलं की येणारा प्रेक्षक तेच मागतो. पहिल्या रांगेत बसून "आम्हाला काहीतरी विचारा ना" असं म्हणणारी जोडपी येतात आणि तुमचा लिहिलेला तास मधल्या मधे मरतो. लिहिलेलं आणि उत्स्फूर्त आलटून पालटून टाका. शिवाय समोरच्याचा चेहरा दिसतोय, तो काही खासगी बोललाय, तर कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठून विचारा. दारावर 'चित्रीकरण सुरू आहे' असा फलक लावा आणि नंतर कोणी काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा.

चित्रीकरणात कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर खर्च करा. नवे लोक साउंडवाल्याकडून कन्सोलमधून थेट आवाज घेतात आणि खूश होतात. घरी येऊन ऐकलं की तुमचा आवाज काचेसारखा स्वच्छ आणि हशा गायब, कारण हशा माइकमध्ये जातच नाही. हशा नसलेला स्टँडअपचा व्हिडिओ म्हणजे खोलीत एकटाच बडबडणारा माणूस. म्हणून दुसरा रेकॉर्डर प्रेक्षकांकडे तोंड करून मंचाच्या कडेला ठेवायचा, स्पीकरच्या पुढे नाही. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही आवाज आणि चित्र जुळवायला खूण मिळते. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर स्पॉटलाइटमध्ये चेहरा पांढरा फटक होतो. एलईडी लाइट लुकलुकताना दिसत असतील तर शटर १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बहुतेक वेळा ते थांबतं. बाकी अलीकडचा बरा मोबाइल आणि ट्रायपॉड पुरतो.

एक छोटी गोष्ट हमखास नडते: मंचावर येताना वाजणारं सिनेमाचं गाणं. ते रेकॉर्डिंगमध्ये राहिलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. याला क्लेम म्हणतात. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जाणं, हा वेगळा आणि गंभीर प्रकार. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक ९० दिवसांत आले तर चॅनल बंद होण्याची वेळ येते. गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या की तिथून व्हिडिओ सुरू करा.

संकलनात छोट्या व्हिडिओची सुरुवात तयारीच्या वाक्यानं करा, नमस्कारानं नाही. शब्द पडद्यावर देवनागरीत द्या आणि शुद्धलेखन तपासा, नाहीतर खालच्या सगळ्या प्रतिक्रिया ऱ्हस्व-दीर्घावर येतात, विनोदावर एक नाही. पंचचे शब्द आवाजाच्या आधी पडद्यावर येऊ देऊ नका. हा दोष इतका पसरलाय की लोकांना तो दोष वाटेनासा झालाय.

यूट्यूबचे पैसे

जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. त्याखाली ५०० सबस्क्रायबरची एक पायरी आहे. तिथे प्रेक्षकांकडून थेट मिळणारे पैसे सुरू होतात, जाहिरातीचे नाही. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, शॉर्ट्समध्ये वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, आणि त्याआधी १० डॉलरला पत्त्याची खातरजमा करणारा पिन टपालानं येतो. तो पत्ता नीट लिहा. 'मारुती मंदिराच्या मागे' एवढ्यावर ते पत्र पोचत नाही. अमेरिकी कराचा फॉर्मही भरावा लागतो. तो भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईतून १५ टक्के कापले जातात; नाही भरला तर कपात जास्त होते.

मराठी प्रेक्षकसंख्या लक्षात घेता फक्त या पैशावर घर चालवायचं स्वप्न बघू नका. व्हिडिओचं खरं काम तिकिटं विकणं आणि कॉर्पोरेट कार्यक्रम मिळवून देणं हे आहे.

बाकीचे पैसे

कॉर्पोरेट आणि सोसायट्यांचे कार्यक्रम चांगले पैसे देतात आणि अहंकार चांगला उतरवतात. गणेशोत्सवात समोर आजी, पोरं आणि माइक मागणारे अध्यक्ष असतात. आधीच सांगा की जेवणाची पंगत चालू असताना कार्यक्रम होणार नाही. वीस स्वच्छ मिनिटं, म्हणजे शिवी आणि चावटपणा नसलेली, वेगळी तयार ठेवा. निम्मं मानधन आगाऊ, उरलेलं मंचावर जाण्यापूर्वी, आणि सगळं ईमेलवर लेखी.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम दुरून जितके सोपे दिसतात तितके नसतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, पण पर्यटक व्हिसावर तिथे मानधन घेऊन कार्यक्रम करता येत नाही. कलाकारांचा व्हिसा वेगळा असतो आणि तो कोण काढणार हे पहिल्या बोलण्यातच ठरवा. तिथल्या प्रेक्षकाचा महाराष्ट्र तो निघाला त्या वर्षी थांबलेला असतो, त्यामुळे ताजे संदर्भ कमी ठेवा आणि घरातलं जास्त.

ब्रँडचं काम घेतलं तर ते जाहिरात आहे हे ठळक लिहायचं. जाहिरात मानक परिषदेची यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिळालेला फोनही मिळकतच. एकाकडून वर्षाला २० हजारांच्या वरच्या वस्तूंवर १० टक्के टीडीएसचा नियम आहे. सट्ट्याच्या ॲपवाल्यांचे प्रस्ताव सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठे येतात. त्यांना नाही म्हणा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याच्या आधीच सीए गाठा.

तक्रार, कायदा आणि खोलीचा मालक

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलाकारांशी संबंध येणारी कलमं प्रामुख्यानं तीन: धार्मिक भावना दुखावल्याबद्दल २९९, गटागटांत वैर पसरवल्याबद्दल १९६ आणि बदनामीबद्दल ३५६. निकाल काय लागेल ही पुढची गोष्ट. त्याआधीची प्रक्रियाच माणसाला दमवते. स्टँडअप कलाकार मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम जामीन दिला तो ५ फेब्रुवारीला. मार्च २०२५ मध्ये स्टँडअप कलाकार कुणाल कामराच्या राजकीय विनोदाच्या व्हिडिओवरून मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या कॉमेडीच्या जागेची तोडफोड झाली, म्हणजे मार कलाकाराला नाही, खोलीला बसला. म्हणून धारदार राजकीय साहित्य चित्रित करायचं असेल तर जागेच्या मालकाला आधी सांगणं हा साधा सभ्यपणा आहे.

काय बोलायचं हे तुम्ही ठरवा. मी गप्प बसायचा सल्ला देणार नाही. पण तयारी ठेवा. पूर्ण कार्यक्रमाचं न कापलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण तक्रार बहुधा कोणीतरी कापलेल्या वीस सेकंदांवर होते. एका वकिलाचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या. गदारोळ सुरू झाला की लगेच लाइव्ह जाऊन खुलासे करू नका. आणि लिहितानाच बघा की विनोदाचं टोक कोणाकडे आहे: ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याकडे, की ज्याला रोज तसंही ऐकून घ्यावं लागतं त्याच्याकडे. जातीवरून टोमणा मारणारा विनोद मला कायद्याच्या आधी आळशीपणा वाटतो.

चोरीबद्दल थोडं. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो. सासूवरचा विनोद तुमच्या एकट्याचा नाही, पण तुमचे शब्द जसेच्या तसे उचलले तर तक्रार करता येते. दोघांना एकच गोष्ट सुचणं रोज घडतं. आधी फोन करून विचारा, स्क्रीनशॉट नंतर.

नोकरी कधी सोडायची

उशिरा. रात्रीचे ओपन माइक नोकरी सांभाळून होतात आणि कार्यालयातून साहित्यही फुकट मिळतं. सलग बारा महिने मंचाकडून आणि व्हिडिओकडून आलेले पैसे लिहून ठेवा. एकदाच आलेली मोठी जाहिरात त्यातून वगळा आणि जानेवारी ते डिसेंबर सगळे महिने धरा, कारण गणपती ते नवीन वर्ष हा मोसम असतो आणि मार्च-एप्रिलच्या परीक्षांत खोल्या ओस पडतात. उरलेल्या आकड्यात घरखर्च निघत असेल तर विचार करा. राजीनामा देण्याआधी आरोग्यविमा स्वतःच्या नावानं घ्या, क्रेडिट कार्ड आणि गृहकर्ज काढायचं असेल तर ते पगाराच्या पावतीवरच काढा. अर्जावर 'व्यवसाय: कॉमेडियन' लिहिलं की बँकेतला माणूस आधी हसतो आणि मग दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतो.